घामात टिकणारं, त्वचेला न झोंबणारं सनस्क्रीन सुचवा (मदत हवी आहे)

नमस्कार ताई-दादांनो, आम्ही परभणीकडचे. आमच्या जाऊबाई आशाताई (गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशा सेविका) आहेत, भर उन्हात स्कूटीवर वाड्यावस्त्या फिरतात. गालांवर वांग आलेत. मेडिकलवरून आणलेलं सनस्क्रीन घामासोबत डोळ्यांत उतरतं आणि आग आग होते.

मी वाचलं त्यावरून झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं, बिनवासाचं सनस्क्रीन नाजूक त्वचेला बरं. ऑक्सिबेन्झोन हा बऱ्याच सनस्क्रीनमधला ऊन शोषणारा रासायनिक घटक मात्र टाळायचा आहे. तो रक्तात उतरतो असं अमेरिकेतल्या तपासणीत दिसलं, आणि तिथल्या हवाई राज्याने समुद्रातल्या प्रवाळांना अपाय नको म्हणून २०२१ पासून तो असलेल्या सनस्क्रीनची विक्री थांबवली. रक्तात उतरला म्हणजे अपाय झालाच असं नाही, हेही खरं. तरी रोज लावायचं तर मन धजत नाही.

सासूबाई म्हणतात खोबरेल लाव, हळद-चंदन लाव. खोबरेलाने कातडी मऊ राहते, पण ऊन फारसं अडत नाही. त्यापेक्षा त्यांचा डोक्यावरून घट्ट पदर मला जास्त पटतो. जाऊबाईही स्कार्फ आणि सनकोट घालतातच, पण सुती सनकोटातूनही हात रापतात.

तर सांगा: एसपीएफ (ऊन अडवण्याचं माप) ३० च्या पुढचं, घामात टिकणारं आणि सावळ्या रंगावर पांढरं न दिसणारं झिंकचं सनस्क्रीन कुणी वापरलंय का? दर दोन तासांनी परत लावायचं म्हणतात, ते फिरतीवर कसं जमवता? सनकोटाला दाट विणीचं कापड कोणतं घ्यावं? आणि वांगांसाठी लातूर-नांदेडकडे त्वचेचे चांगले डॉक्टर माहीत असतील तर नक्की कळवा.