अ‍ॅट्रोपीनचा थेंब अंगात भिनतो

'डोळ्यातलं औषध डोळ्यातच राहतं' असं म्हणतात, पण ते अ‍ॅट्रोपीनला, म्हणजे बाहुली मोठी करणाऱ्या औषधाला, मुळीच लागू नाही. थेंब अश्रुनलिकेतून नाकात, घशात उतरतो, म्हणून तर थोड्या वेळाने घसा कडू लागतो. १ टक्का द्रावणाच्या एका थेंबात साधारण अर्धा मिलिग्रॅम औषध असतं. हृदयाचे ठोके फार मंदावले की हेच औषध शिरेतून देतात, ती अँप्युल (इंजेक्शनची काचेची कुपी) आपल्याकडे ०.६ मिलिग्रॅमची! लहान मुलाला चष्म्याच्या तपासणीआधी दोन्ही डोळ्यांत घातलं की चेहरा लाल होणं, ताप, कोरडं तोंड, धडधड, क्वचित बडबड, ही सगळी त्याचीच लक्षणं. असं काही दिसलं तर पुढचा थेंब घालू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरला तर बरंच औषध आत जायचं टळतं.

मायोपियासाठीचे (लांबचं अंधुक दिसतं त्यासाठीचे) अ‍ॅट्रोपीनचे थेंब बहुधा ०.०१ टक्क्याचे, म्हणजे शंभरपट सौम्य असतात. दुकानातून घेताना हा आकडा वाचाच. आणि घालणाऱ्याने हात साबणाने धुवावेत; औषधाचं बोट स्वतःच्या डोळ्याला लागलं तर बाहुली कित्येक दिवस मोठी राहते आणि मेंदूचं काही आहे का म्हणून धावपळ होते.