परदेशातलं एक सत्र: एक्स्चेंजला गेलेल्यांचे अनुभव (अनुभव धागा)

एक्स्चेंजच्या निवडयाद्या लागायला लागल्या की ओळखीतल्या घरांमधून फोन येतात. कुणाची मुलगी लिऑनला चालली आहे, कुणाचा मुलगा क्योतोला. सगळे विचारतात ते एकच: तिथे रुळायला किती वेळ लागतो?

व्हिसा, विमा, बँक खातं यांची माहिती दूतावासाकडून आणि विद्यापीठाकडून नीट मिळते, ती इथे पुन्हा नको. मला त्यापुढचं हवं आहे. पूर्ण पदवीला गेलेल्यापेक्षा एक्स्चेंजच्या विद्यार्थ्याचं वेगळं असतं. वर्गातल्या बाकीच्यांचे गट आधीच जमलेले असतात, आणि हा चार-पाच महिन्यांत परत जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग कुणी जीव लावावा तरी कशाला? मी फ्रान्समध्ये ग्रनोबलला एक सत्र काढलं. सुरुवातीचे नवलाईचे नऊ दिवस छान गेले. घराची आठवण आली ती नोव्हेंबरात, जेव्हा नवीन काही उरलं नव्हतं आणि जुनंही काही झालं नव्हतं. त्या मधल्या काळात तुम्हाला कशानं तारलं, ते लिहा. सविस्तर लिहा. घरी परदेशी मुलं ठेवून घेतलेल्या आई-बाबांनीही लिहावं.

कोल्हापूरहून ड्रेस्डेन, जर्मनी

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो, हिवाळी सत्रासाठी गेलो. जर्मनीत हे सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणजे उतरल्यापासून दिवस लहान लहानच होत जातो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि डिसेंबरात तर चारच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारचं लेक्चर संपवून बाहेर यावं तर अंधार. हे कुणी सांगितलं तरी आधी कळत नाही, अंगावर आल्यावरच कळतं.

नियमांचा मला त्रास झाला नाही, उलट आधार वाटला. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद लागतो. रविवारी दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच दूध-ब्रेड आणून ठेवायचं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते, बाटली मशीनमध्ये परत टाकली की पैसे मिळतात. रात्री दहानंतर आवाज नाही. वेळापत्रकात लेक्चर दहाचं असेल आणि पुढे ‘सी.टी.’ लिहिलं असेल तर ते सव्वादहाला सुरू होतं. तास संपला की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. हे सगळं पंधरा दिवसांत अंगवळणी पडतं.

माणसांचं तसं नव्हतं. वसतिगृहात आम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये. तिघंही सभ्य, स्वयंपाकघरात भेटले की हसून बोलायचे आणि आपापल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. आपल्याकडे दार लावलं म्हणजे काहीतरी बिनसलं. तिथे तसा काहीच अर्थ नसतो, पण मनाला ते पटायला वेळ लागतो. मी भारतीय मुलांच्या गटात जायला लागलो. तिथे जेवण होतं, गप्पा होत्या, पण महिनाभर मी जर्मनीत होतो असं म्हणवत नव्हतं.

माझी सेकंडहँड सायकल नोव्हेंबरात बिघडली. विद्यार्थ्यांनीच चालवलेली एक सायकल दुरुस्तीची जागा होती. तिथे कुणी तुमची सायकल करून देत नाही, हत्यारं देतात, शिकवतात, आपली आपण करायची. माझ्या वडिलांचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे, पाने-पक्कड हातात घेऊनच मी मोठा झालो. माझी चेन बसवून झाली तेव्हा शेजारी एक मुलगी मागच्या चाकाशी झटत होती, तिचं फ्रीव्हील काढून दिलं. तिथल्या मुलानं विचारलं, ‘पुढच्या गुरुवारी येशील का? आम्हाला माणसं कमी आहेत.’

त्यानंतर दर गुरुवारी मी तिथे असायचो. माझं जर्मन बी-वनचं, म्हणजे मधल्या पातळीचं, पण ट्यूब, वॉल्व्ह, ब्रेकची तार हातात असली की बोलणं आपोआप पुढे जातं. तिथूनच ख्रिसमस बाजाराला नेलं मला, जो 1434 पासून भरतो म्हणतात, आणि एकाच्या गावी आजीकडे श्टोलन हा ख्रिसमसचा केकही खायला मिळाला. फ्लॅटमधल्या तिघांशी शेवटपर्यंत जेवढ्यास तेवढंच राहिलं. आता त्याचं वाईट वाटत नाही.

जाणाऱ्यांना एवढंच सांगेन: मित्र शोधायला जाऊ नका, काम शोधा. वाद्य वाजवता येत असेल तर वाद्यवृंद, खेळता येत असेल तर क्लब. जिथे तुम्ही गैरहजर राहिलात तर कुणाचं तरी अडतं, अशी एक जागा आठवड्यातून एकदा तरी हवी.

पुण्याहून कानाझावा, जपान

वरचं वाचून लिहावंसं वाटलं, कारण माझं शेवटी तेच झालं, फक्त फार वेगळ्या वाटेनं.

पुण्यात जपानी शिकणारे खूप, शिक्षकही उत्तम, त्यामुळे मी एन-थ्री ही जपानीची मधल्या पातळीची परीक्षा पास होऊन गेले होते. भाषा येते या भरवशावर होते. पण वर्गात सेन्सेई सावकाश बोलतात, नगरपालिकेच्या कार्यालयातला माणूस सावकाश बोलत नाही. शिवाय मी शाकाहारी. सूपमध्ये मांस नाही हे विचारून घेता येतं, पण मूळ रस्साच बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचा असतो आणि त्याला तिथे कुणी मांसाहार समजत नाही. शेवटी वसतिगृहातच कुकर लावायचे. कचऱ्याचे वार ठरलेले, जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या धुऊन. ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही. सगळं सुरळीत, आणि मी सतत दबकून. कुणी रागावत नसे, म्हणून मी काय करायला हवं हेही कळत नसे.

1 जानेवारी 2024. जपानमध्ये नवीन वर्ष म्हणजे आपल्या दिवाळीसारखं, सगळे घरी जातात. वसतिगृहात आम्ही परदेशी मुलंच उरलो होतो. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळायला लागले आणि पाठोपाठ इमारत हलायला लागली. नोतो द्वीपकल्पाचा तो भूकंप 7.6 तीव्रतेचा होता. कानाझावा केंद्रापासून दूर, तरीही उभं राहता येत नव्हतं. कपाटातली भांडी खाली आली. टीव्हीवर मोठ्या त्सुनामीचा इशारा आणि निवेदिका अक्षरशः ओरडून सांगत होती, आत्ताच्या आत्ता पळा, मागे वळू नका. पुण्यात तेव्हा पावणेएक वाजायचा होता, आई पानं वाढत होती.

आमच्या मजल्यावर व्हिएतनाम, पोलंड, इंडोनेशियाची मुलं होती. बरीचशी इंग्रजी माध्यमाच्या कोर्सला, जपानी जेमतेम. बाहेर पटांगणात थंडीत सगळे जमलो आणि नगरपालिकेच्या भोंग्यावरून येणारी सूचना मी इंग्रजीत सांगायला लागले. कुठे जायचं, लिफ्ट वापरायची नाही, गॅस बंद करा, धक्के अजून येतील. व्यवस्थापक आजोबा आले ते थेट माझ्याकडे, ‘यांना हे सांग’ म्हणाले. रात्री उशिरापर्यंत आम्ही दोघंच धावपळ करत होतो. आमच्या इमारतीला तडे सोडले तर काही झालं नाही. उत्तरेकडे वाजिमा, सुझूमध्ये घरंच्या घरं गेली, माणसं गेली. त्यामुळे त्या दिवसाबद्दल ‘चांगलं झालं’ असं मी कधीच म्हणणार नाही.

पण त्यानंतर व्यवस्थापक आजोबा मला नावानं हाक मारू लागले. फेब्रुवारीत मदतीच्या सामानाची वर्गवारी करायला गेले तेव्हा शेजारच्या बाईंनी माझ्यासाठी कोंबू या समुद्री शेवाळाच्या रश्श्याचं सूप आणलं होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हिला मासे चालत नाहीत.

नाशिकहून आयोवा, अमेरिका

मी अकरावीच्या वयात, शाळेच्या एक्स्चेंजवर गेले. विद्यापीठात स्वतंत्र खोली असते, शाळेच्या मुलांना एका कुटुंबात राहायचं असतं. होस्ट कुटुंबाला पैसे मिळत नाहीत, ते स्वेच्छेनं ठेवून घेतात. हे ओझं सोळाव्या वर्षी फार जाणवतं. फ्रिज उघडावा की विचारावं? गरम पाणी किती वापरावं?

सगळ्यात अवघड होतं ते कुठेही जाणं. मक्याच्या शेतांमधलं गाव, शाळेची पिवळी बस सोडली तर कुठलीच बस नाही, आणि एक्स्चेंजच्या मुलांना गाडी चालवायची परवानगी नसते. लायब्ररीत जायचं तरी कुणाला तरी ‘मला सोडाल का?’ म्हणावं लागतं. नाशिकला मी आठवीपासून सायकलवर गावभर हिंडलेली. तिथे मी मागायचंच बंद केलं. शाळा, घर, खोली. पहिलं घर आणि मी, आमचं जमलंच नाही. त्यांच्यात मन मोकळं करायची पद्धत नव्हती आणि मला तेच हवं होतं. जानेवारीत समन्वयक बाईंनी घर बदलून दिलं. घर बदलणं ही नेहमीची गोष्ट आहे, पालकांनी ते ऐकून घाबरू नये आणि मुलांनी लपवू नये.

दुसऱ्या घरात निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या फ्रिजवर मोठं कॅलेंडर होतं, घरातल्या प्रत्येकाचं वेगळ्या रंगाचं पेन. पहिल्याच दिवशी मला जांभळं पेन दिलं आणि सांगितलं, जायचं असेल ते इथे लिही, रविवारी आपण गाड्या ठरवू. मागणं संपलं, लिहिणं सुरू झालं. मी शाळेच्या नाटकात पडद्यामागे काम करायला लागले. बर्फामुळे शाळेला सुट्टी मिळाली की आम्ही दोघी पोळ्या करायचो. त्या माझ्यापेक्षा गोल लाटायच्या.

कोथरूड, पुणे (आमच्याकडे राहिलेली मुलगी)

उलट बाजूनं लिहिते. माझ्या लेकीच्या शाळेतर्फे इटलीहून आलेली सतरा वर्षांची मुलगी आमच्याकडे वर्षभर राहिली. जेवण, तिखट, गर्दी यांची आम्ही काळजी करत होतो. तिला त्रास झाला तो कधीच एकटं न सोडण्याचा. आजी खोलीत डोकावणार, शेजारच्या काकू ‘कुठे चाललीस, कधी येणार’ विचारणार. तिला वाटायचं आपल्यावर नजर ठेवली जाते. सासूबाईंनी तिला समजावलं नाही, त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी कोथिंबिरीची जुडी तिच्यासमोर ठेवली. दोघी रोज संध्याकाळी भाजी निवडत बसायच्या, एकीचं मराठी, दुसरीचं इटालियन. गणपतीत आरतीचं ताट तिच्या हातात दिलं तेव्हा ती रडली. ती परत गेल्यावर वर्षभर सासूबाई भाजी निवडताना तिचं नाव काढायच्या.

फोंड्याहून कुइंब्रा, पोर्तुगाल

गोव्याचा म्हटल्यावर तिथे दोन समजुती: याला पोर्तुगीज येणार आणि हा ख्रिश्चन असणार. आमच्या घरी मराठी-कोंकणी, पोर्तुगीज फक्त आजोबांना यायचं. तरी टपालपेट्यांवरची फर्नांडिस, पिंटो ही नावं वाचत चाललो की म्हापशात असल्यासारखं वाटायचं. थंडीबद्दल एक सांगतो. पोर्तुगाल उबदार देश म्हणून कुणी स्वेटर कमी नेऊ नका. जुन्या घरांत हीटिंग नसतं, हिवाळ्यात पाऊस, भिंती ओल्या, बाहेरपेक्षा आत जास्त गारठा. अख्खा जानेवारी मी विद्यापीठाच्या लायब्ररीत काढला, आणि तिथेच रोज येणाऱ्यांशी ओळखी झाल्या.

एक प्रश्न, सांगलीहून

येत्या ऑक्टोबरात ड्रेस्डेनलाच चाललो आहे. वरच्या दादांना विचारायचं होतं, जाण्याआधी इथूनच काय उरकून ठेवू? आणि सायकलची ती जागा अजून आहे का?

कोल्हापूर, पुन्हा

आहे रे, चालू आहे. इथून निघण्याआधीच पत्तानोंदणीची अपॉइंटमेंट घेऊन ठेव, सप्टेंबर-ऑक्टोबरात तारखा मिळत नाहीत. घरमालकाचा कागद ईमेलनं मागव. रेडिओ-टीव्हीची फी महिन्याला 18.36 युरो असते, पण ती फ्लॅटमागे एकच. चौघांत वाटून घ्यायची, आधीच कोण भरतं ते विचार. छोटा कुकर ने. आणि पहिल्याच गुरुवारी त्या जागेवर जा, सायकल नसली तरी जा. तिथे अजून माझ्या वेळचे दोघं आहेत, तू येतोयस म्हणून त्यांना आजच कळवतो.