पीटर पॅन: मगरीच्या पोटातलं घड्याळ आणि मध्येमध्ये तोंड घालणारा निवेदक

काजवा:
जे. एम. बॅरीची १९११ची मूळ कादंबरी आत्ता कुठे पूर्ण वाचली, आधी फक्त सिनेमा आणि संक्षिप्त आवृत्ती माहीत होती, त्यामुळे यातला निवेदक हा प्रकार माझ्यासाठी एकदमच नवीन. हा बाबा गोष्ट सांगता सांगता कधी मध्ये तोंड घालेल नेम नाही. बेटावरची चार-पाच साहसं नुसती नावापुरती सांगतो, मग म्हणतो यातलं एकच नीट सांगू, टॉस करूया, आणि खरंच टॉस करून जलपऱ्यांच्या लगूनची (उथळ खाडीची) गोष्ट काढतो. वर म्हणे पुन्हा उडवून तीनातलं बेस्ट ठरवता आलं असतं, पण जाऊ दे! पीटरबरोबर बेटावर उडून गेलेल्या वेंडी आणि तिच्या भावांची आई, मिसेस डार्लिंग, तिच्याबद्दल तर शेवटाकडे आधी म्हणतो मला तिचा तिरस्कार वाटतो, तिच्याबद्दल एक चांगला शब्द बोलणार नाही, आणि थोड्याच वेळात ती झोपलेली दिसल्यावर पार विरघळतो.
तर प्रश्न असा की हा बॅरी स्वतः आहे की तेही एक पात्रच? आणि समुद्री चाचा हुकच्या मागे लागलेली, पोटात टिकटिकणारं घड्याळ असलेली मगर म्हणजे काळ हे सगळीकडे वाचलं, पण एवढंच असेल तर ते जरा गाईडमधल्या उत्तरासारखं वाटतं.

अर्धवटराव:
बॅरीच आहे की, अजून कोण. त्याचा मोठा भाऊ डेव्हिड १८६७ मध्ये बर्फावर स्केटिंगच्या अपघातात गेला, चौदावा वाढदिवस एका दिवसावर आलेला. बॅरी तेव्हा सहा वर्षांचा. पुढे आईवर लिहिलेल्या पुस्तकात त्यानेच लिहिलंय की मी मोठा झालो पण तो तेराचाच राहिला. कधीच मोठा न होणारा मुलगा आला कुठून हे कळायला यापेक्षा काय पाहिजे? आणि डिसेंबर १९०४ ला लंडनमध्ये नाटक आलं तेव्हा हुक आणि मिस्टर डार्लिंग ही दोन्ही कामं जेराल्ड द्यू मॉरिए या एकाच नटाने केली होती. म्हणजे दिवसा बाबा, रात्री चाचा. प्रतीक हवंच असेल तर हे घ्या, मगरीपेक्षा जास्त मजेशीर आहे.

खडूस_वाचक:
भावाचं खरं आहे, पण त्याने पीटर कुठून आला ते कळतं, निवेदक असा का वागतो ते नाही कळत. चरित्र बाजूला ठेवा आणि घड्याळाचं नेमकं काय होतं ते बघा. शेवटच्या लढाईआधी मगर पीटरच्या जवळून जाते तेव्हा टिकटिक ऐकू येत नाही, कारण घड्याळाची चावी संपलेली असते. मग पीटर स्वतःच तोंडाने टिकटिक करायला लागतो, का तर जंगली जनावरांना आपण मगर वाटावं, आणि नंतर आपण ती करतोय हेही विसरून तसाच जहाजावर चढतो! म्हणजे जो मोठा व्हायला तयार नाही तोच हुकसाठी काळ होऊन येतो, आणि त्या आवाजाने हुकची जी गाळण उडते ती वाचाच.
आता खरी गंमत. हुक शेवटी समुद्रात उडी टाकतो तेव्हा खाली मगर टपून बसलीय हे त्याला माहीत नसतं, आणि निवेदक काय म्हणतो, तर घड्याळ आम्हीच मुद्दाम बंद केलं, त्याला शेवटच्या क्षणी हे कळू नये म्हणून, तेवढाच आमच्याकडून मान. अरे, चावी तर आपोआप संपली होती ना? मग हे श्रेय कुठून आलं? इथे निवेदक सरळ प्रतीकालाच हात घालतो. काळ कधी थांबवायचा ते मी ठरवणार, असं. आणि हा मान पीटरला नाही, हुकला. 'लोक काय म्हणतील, आपलं वागणं सभ्य दिसतंय ना' या काळजीत मरणारा मोठा माणूस त्याला जवळचा वाटतो. म्हणून मी त्याला पात्रच म्हणेन. खोटं बोलणारं, पण लळा लावणारं पात्र.

काजवा:
बाप रे, हे घड्याळाचं माझ्या नजरेतून पूर्णच सुटलं होतं. पण मग गोष्ट घरी आल्यावर निवेदकाचं काही चालत नाही असं का? मुलं परत येणार आहेत हे आईला आधीच सांगून टाकायची त्याची केवढी घाई, आणि तिला ते अजिबात नको असतं.

शेवटचं_पान:
तिथेच तर उत्तर आहे असं मला वाटतं. बेटावर तो घड्याळं बंद करतो, नाणी उडवतो, पण मुलांच्या खोलीच्या खिडकीशी आल्यावर स्वतःच कबूल करतो की आपण नुसते बघे, आपण कोणालाच नकोय, तर निदान टोचून तरी बोलूया, कोणाला तरी लागेल या आशेने. आणि त्या खिडकीशी अजून कोण असतं? पीटर. आधी वेंडीला आत येता येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतो, मग आईच्या डोळ्यांत पाणी बघून चिडून पुन्हा उघडतो, आणि शेवटी मुलं आईला बिलगलेली बाहेरून बघत बसतो. मला तरी हे दोघं एकाच जागी उभे दिसतात. फरक एवढाच की पीटर हुकलाही विसरतो, टिंकर बेल या त्याच्या परीलाही विसरतो, आणि निवेदकाला सगळं आठवत राहतं.

खडूस_वाचक:
खिडकीचं पटलं, पण एकाच जागी उभे म्हणणं मला जास्त होतंय. पीटरला मिसेस डार्लिंग स्वतःहून दत्तक घ्यायला तयार असते, तोच शाळा नको, ऑफिस नको, दाढी नको म्हणून उडून जातो. निवेदकाला आत कोणी बोलावलेलंच नसतं.