शब्दचर्चा : निर्वासित, विस्थापित आणि 'परतपाठवणी'

विचारणा

सशस्त्र संघर्ष आणि विस्थापन यांत मानवी हक्कांचे काय होते, यावरचा एक संशोधन अहवाल मराठीत आणतो आहे. 'रेफ्युजी'साठी निर्वासित आणि स्वतःच्याच देशात बेघर झालेल्यांसाठी विस्थापित, असे ठरवले होते. संपादक म्हणतात, दोन्हीकडे निर्वासितच ठेवा, वाचकाला तोच शब्द सवयीचा आहे. शिवाय 'रिपॅट्रिएशन'ला, म्हणजे मायदेशी परत जाण्याला, परतपाठवणी चालेल का? जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

या एका बाबतीत संपादकांचे ऐकू नका.

निर्वासित म्हणजे मुळात घालवून दिलेला. हिंदीने त्याच माणसासाठी शरणार्थी घेतला. आपला शब्द हाकलणाऱ्याकडे बोट दाखवतो, हिंदीचा आसरा देणाऱ्याकडे. निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय कराराला दोन्ही बाजू लागतात. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणावरून छळ होईल अशी साधार भीती हवी, आणि माणूस आपल्या देशाबाहेर हवा. या यादीत युद्ध नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९६९मध्ये परकीय आक्रमण, परकीय ताबा आणि सार्वजनिक सुव्यवस्था पार विस्कटून टाकणाऱ्या घटना ही कारणेही व्याख्येत घातली. लॅटिन अमेरिकेत १९८४च्या कार्ताहेना जाहीरनाम्याने सार्वत्रिक हिंसाचार आणि मानवी हक्कांची मोठ्या प्रमाणावरची पायमल्ली यांची भर घातली. म्हणजे एकाच लढाईतून पळालेला माणूस कायद्याने निर्वासित ठरतो की नाही, हे तो कुठल्या खंडात पोचला यावरही ठरू शकते.

विस्थापिताने सीमा ओलांडलेली नसते. त्याला सांभाळण्याची पहिली जबाबदारी त्याच्याच सरकारची, आणि कित्येकदा तो पळालेला असतो त्याच सरकारच्या फौजेपुढून. त्याच्यासाठी १९५१सारखा जागतिक करार नाही. संयुक्त राष्ट्रांचे विस्थापितांविषयीचे प्रतिनिधी फ्रान्सिस डेंग यांच्या पुढाकाराने १९९८मध्ये तयार झालेली ३० मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण ती स्वतःहून कोणावर बंधनकारक नाहीत. बंधनकारक करार आफ्रिकेने केला, २००९मध्ये युगांडातल्या कंपालाला. तो २०१२पासून लागू आहे. २०२४च्या अखेरीस जगात बळजबरीने घर सोडावे लागलेल्यांची संख्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने १२ कोटी ३२ लाख दिली होती. त्यांपैकी ७ कोटी ३५ लाख लोक आपापल्या देशातच होते. सरसकट निर्वासित लिहिलेत तर अर्ध्याहून अधिक माणसांवर चुकीची चिठ्ठी लागेल.

प्रतिसाद

वरच्या मताशी सहमत, पण एक अडचण आहे. मराठीत विस्थापित म्हटले की आधी धरण आठवते. प्रकल्पग्रस्त, धरणग्रस्त यांच्या पंगतीतला शब्द आहे तो. पहिल्या उल्लेखात 'संघर्षामुळे देशांतर्गत विस्थापित' असे सविस्तर लिहा, पुढे नुसते विस्थापित पुरे.

'स्थलांतरित' मात्र कटाक्षाने टाळा. "आमचे कार्यालय स्थलांतरित झाले आहे" अशा पाट्यांनी त्या शब्दातली सक्ती केव्हाच घालवली. सक्ती दाखवायची असेल तर 'सक्तीचे स्थलांतर' असे पूर्ण लिहावे लागते, आणि सीमेपलीकडे हाकलले असेल तर हद्दपारी. हा शब्दच्छल नाही. सप्टेंबर २०१८मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने रोहिंग्यांच्या कथित हद्दपारीबाबत आपल्याला अधिकार आहे असा निर्णय दिला, तो याच फरकावर. म्यानमार त्या न्यायालयाचा सदस्य नाही, बांगलादेश आहे. आणि हद्दपारीचा गुन्हा सीमा ओलांडल्याशिवाय पुरा होत नाही, म्हणून त्याचा एक भाग बांगलादेशात घडला असे धरले गेले. देशातल्या देशात हलवण्याला हा युक्तिवाद लागू झाला नसता.

विचारणाकर्ता

आभार. परतपाठवणीचे राहिले. आणि 'रीसेटलमेंट'ला पुनर्वसन लिहिले आहे, ते बरोबर?

प्रतिसाद

परतपाठवणी नकोच. पाठवणी म्हटली की पाठवणारा आला. (लग्नातली पाठवणी आठवा, तिथेही नवरीला कोणी विचारत नाही!) 'ऐच्छिक परतपाठवणी' हा तर वदतोव्याघात झाला. स्वखुशीने जाणाऱ्यासाठी 'स्वेच्छेने मायदेशी परतणे' लिहा. १९५१च्या कराराच्या ३३व्या कलमात जे निषिद्ध आहे, म्हणजे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असेल तिथे परत धाडणे, त्यासाठी परतपाठवणी राखून ठेवा. तिथे तो नेमका बसतो.

पुनर्वसनाची गोची वेगळी. निर्वासितांसाठी टिकाऊ उपाय तीन मानतात: मायदेशी परतणे, आश्रय दिलेल्या देशातच सामावले जाणे, किंवा तिसऱ्या देशाने कायमचे स्वीकारणे. मराठी वाचक तिन्हींना पुनर्वसनच म्हणेल, जखमी माणूस पुन्हा चालू लागला तरी पुनर्वसनच म्हणेल. तिसऱ्या उपायाला 'तिसऱ्या देशात वसवणे' असे सरळ लिहा.

घर परत मिळणे आणि घरी परतणे यांचीही गल्लत होऊ देऊ नका. बोस्नियात युद्ध थांबवणाऱ्या १९९५च्या डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टाने निर्वासितांना आणि विस्थापितांना मूळ घरी परतण्याचा हक्क दिला. मालमत्तेचे दोन लाखांहून अधिक दावे आले आणि बहुतेक निकालीही निघाले. पण किल्ली हाती आल्यावर कित्येकांनी घर विकले किंवा बदलून घेतले आणि जिथे होते तिथेच राहिले. दावे किती सुटले आणि माणसे किती परतली, हे आकडे अहवालात वेगवेगळ्या शब्दांखाली यायला हवेत.

प्रतिसाद

थोडे अवांतर. 'रिफॉर्म'ला सुधारणा लिहिताना जपून. "पोलीस दलातील सुधारणांनंतर" हे ठीक, पण "पोलीस दलात सुधारणा झाली" म्हटले की दल सुधारले असा अर्थ निघतो. बदलले फक्त कायदे असतील तर 'कायदेबदल' लिहा.

विचारणाकर्ता

शेवटचे एक. अहवालात संशोधकांनी छावण्यांतल्या माणसांशी केलेली संभाषणे आहेत. मी 'जबाब' लिहिले आहे आणि बोलणाऱ्यांना 'माहितीदार'.

प्रतिसाद

दोन्ही बदला. जबाब पोलीस घेतात. ज्याने पोलिसी जबाबावर सही करायचीच नाही म्हणून गाव सोडले, त्याच्या बोलण्याला हा शब्द लावू नये. 'कथन' ठेवा, न्यायालयापुढे किंवा सत्यशोधन आयोगापुढे बोलला असेल तिथेच साक्ष. माहितीदार तर सशस्त्र गटांच्या मुलखात खबऱ्याच वाटतो, आणि तिथे खबऱ्या ठरण्याची किंमत जिवाने मोजावी लागते. 'मुलाखत दिलेली व्यक्ती' लांबलचक आहे, पण तेच लिहा.