६१७४च का येतं, हे मुलांना कसं पटवायचं?

मंडळी, मदत हवी आहे. गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा ६१७४चा खेळ मुलांना भारी आवडतो: चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावायचे, मोठीतून लहान वजा करायची, आणि उत्तरावर पुन्हा तेच करत राहायचं. ३५२४ घ्या: ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. चारही अंक सारखे नसले की झालं, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथेच पोचतो.

पण का? तीन अंकी संख्यांत हाच खेळ ४९५वर येऊन थांबतो, त्याचं कारण सोपं आहे: प्रत्येक वजाबाकी ९९च्या पटीत येते, मोजक्याच संख्या तपासायच्या. चार अंकांत (उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड) उत्तर ९९९(अ−ड) + ९०(ब−क) असं येतं आणि तब्बल ५४ शक्यता होतात! त्या सगळ्या न तपासता सातवी-आठवीच्या मुलांना पटेल अशी युक्ती कुणाकडे आहे का? संगणकाने काढलेला तक्ता नको, कारण हवंय.