कृष्णाकाठची गावं आणि रस्ते : तुमचे अनुभव

किटलीवाला
काल माळा आवरताना बाबांची बासुंदीची किटली सापडली. आत एक वाळकं झुरळ. पण मी थेट लहानपणीच्या स्कूटरवर जाऊन पोचलो. मी पुढं उभा, आई मागं, तिच्या मांडीवर किटली. सांगली, अंकलीचा पूल, जयसिंगपूर, शिरोळ, दत्ताची नरसोबाची वाडी. दर्शन, बासुंदी झाली की घरी यायचं सोडून बाबा कुरुंदवाडकडं वळायचे, तिथनं खिद्रापूर. दोन्हीकडं ऊस, पुढचं वळण दिसायचं नाही. तिथल्या कोपेश्वर महादेवाच्या स्वर्गमंडपात 48 खांब, मधोमध गोल शिळा, वर छताला तेवढंच गोल भोक. बाबा मला शिळेवर आडवं करून आभाळ बघायला लावायचे. एकदा तिथंच झोपलो. उठलो तर किटली निम्मी, सांडली म्हणे. सांगली येईपर्यंत आईचा अबोला.
वाई ते खिद्रापूर, कुठलंही गाव चालेल. लिहा.

हरिपूरची हळद
अंकली राहू दे, आधी सांगलीजवळचं हरिपूर! वारणा आमच्याकडं येऊन कृष्णेला मिळते. आजोबांची हळदीची पेवं होती, जमिनीच्या पोटात. उतरायच्या आधी दिवा सोडायचा, विझला तर कुणी उतरायचं नाही. 2005 च्या पुरात पाणी शिरलं, संपलं सगळं.

उसातला कोल्हा
कोपेश्वरासमोर नंदी नाही हे कुणीच कसं लिहिलं नाही? तो कर्नाटकात, यडूरला. दोन्ही एका दिवसात करायला निघालो आणि उसाच्या ट्रॉलीमागं दीड तास. नंदी तसाच राहिला.

वाईची लेक
मेणवली!! नाना फडणवीसांच्या वाड्यामागं घाट, तिथं 1707 सालची पोर्तुगीज घंटा, वर मेरी आणि बाळ. चिमाजी अप्पांनी 1739 ला वसई घेतली तेव्हाची. आत्या लांबूनच हात जोडायची, "लेकुरवाळी आहे गं, देवी असो कुणाची." पुढं धोमला कासवाच्या पाठीवरचा नंदी. दूध उतू चाललंय, उरलेलं नंतर.

हरिपूरची हळद
@उसातला कोल्हा घ्या, तुमचा राहिलेला नंदी धोमला.

कराडकर
प्रीतिसंगम. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. यशवंतरावांच्या समाधीला नमस्कार, मग भेळ. आमची पोरं उलट क्रमानं करतात.

पिट्सबर्गचा पाहुणा
इथं दोन नद्या मिळून ओहायो होते. आई आली तेव्हा त्या टोकाला नेलं. तिनं चपला काढून ठेवल्या आणि विचारलं, "पायऱ्या कुठायत?"

पूररेषेतली
वाडीच्या देवळात पुराचं पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, म्हणजे दक्षिणद्वार झालं, असं कळलं की आजी तिकडं जायला नेसून तयार. आई त्याच वेळी धान्याचे डबे फळीवर चढवत असायची. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा फळीसुद्धा बुडाली. एरवी नदी फार आवडते हो.

वाईची लेक
ताई, काळजी घ्या. दूध गेलंच. किटली कुठं मिळते हल्ली?

उसातला कोल्हा
@किटलीवाला किटली ठेवा, झुरळ टाका. वाडीच्या कवठाच्या बर्फीचा विषय कुणीच काढला नाही अजून, निषेध.

किटलीवाला
आत्ता आईला फोन केला. म्हणाली, सांडली कुठली! तू झोपलास तसं तुझ्या बापानं तोंडाला लावली.