अकबरांच्या राजीनाम्यावर तुमच्याकडे काय बोलणं झालं होतं?

डोंबिवलीकरीण: ऑक्टोबर २०१८. पूर्वी संपादक असलेल्या एम. जे. अकबरांनी महिला पत्रकारांनी केलेले लैंगिक छळाचे आरोप फेटाळले, त्यांतल्याच एक पत्रकार प्रिया रमाणींवर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १७ तारखेला परराष्ट्र राज्यमंत्रिपद सोडलं. आमच्या लेडीज डब्यातसुद्धा एकच पालुपद, "इतकी वर्षं गप्प का?" तुमच्याकडे?

मुद्रितशोधक: मी तेव्हा एका दैनिकात होते. पुरुष सहकारी हसत म्हणायचे, "आता केबिनचं दार उघडंच ठेवायचं बरं का!" आम्हाला कुणी काही विचारलं नाही. अगं ताई, रमाणींनी सांगितलेली, अकबरांनी घेतलेली नोकरीची मुलाखत १९९३ ची, मुंबईतल्या हॉटेलातली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल १९९७ चा, कायदा २०१३ चा. तक्रार न्यायची कुणाकडे? संपादक तेच!

जुना वाचक: राजीनामा म्हणजे गुन्हा शाबीत नव्हे.

मुद्रितशोधक: नव्हेच, काका. पण आरोपी म्हणून कोर्टात उभ्या राहिल्या त्या रमाणी. १७ फेब्रुवारी २०२१ ला निर्दोष सुटल्या. बाई कित्येक दशकांनीही तक्रार मांडू शकते, असं दिल्लीच्या न्यायालयाने म्हटलं. अकबर अपिलात गेले. आणि २०२५ मध्ये सरकारच्या सर्वपक्षीय शिष्टमंडळातून युरोपलाही गेले. त्यावर आमच्या कचेरीत कुणी चकार शब्द काढला नाही.